व्हॅनची किल्ली माझ्याकडे आहे

बाबा,

व्हॅनची किल्ली शोधत घर डोक्यावर घेऊ नका, ती मी घेऊन चालले आहे. बेटावर जायची आपली बोट उद्याची आहे, आजचा दिवस हातात आहे.

सकाळी व्हॅनमध्ये गाद्या लावताना सीटखाली हृदयाच्या डॉक्टरांचं पत्र सापडलं. तीन महिने पाण्यात उतरायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि मला काय सांगितलंत? "डॉक्टर म्हणाले, घोडा आहात घोडा!" मग महिनाभर नकाशा पसरून, वसंतातला वारा कुठल्या किनाऱ्यावर चांगला लागतो ते समजावत बसलात. तो भलामोठा पतंग कमरेला अडकवून तुम्ही लाटांवर फळी पळवणार, आणि मी काठावरून टाळ्या वाजवणार!

उठवून भांडणारच होते. दोनदा तुमच्या दारापर्यंत आले, पण तुम्ही गाढ झोपला होतात. घरात बसवेना, म्हणून डॉक्टरांकडेच निघाले आहे. नुसता प्रवास झेपेल का, एवढं विचारून अकरापर्यंत येते.

ओट्यावर गोळ्या काढून ठेवल्यात, चहाआधी घ्या. पतंग माळ्यावर टाकलाय आणि शिडी शेजारच्या काकांकडे दिली आहे, तेव्हा उगाच खटपट नको.

डॉक्टर हो म्हणाले तर उद्या निघू. आठवडाभर वाळूत खुर्च्या टाकून दुसऱ्यांचे पतंग बघत बसू, मला चालेल. पण आईच्या आजाराचं तुम्ही दोघांनी मला अगदी शेवटी सांगितलंत. या वेळी तसं करू नका, बाबा.

ठमी