पहिल्या नमुन्याच्या पोटात

बोपोडी, पुणे
१८ नोव्हेंबर २००९

चि. प्रियदर्शनी,

सप्रेम जय भीम. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू पत्र उघडलंस, म्हणजे अर्धी लढाई मी जिंकलो. लढाई हा शब्द मागे घेतो. सवय आहे.

घरी सगळं ठीक. आईचा गुडघा थंडीने कुरकुरतो, पण ती स्वतः कुरकुरत नाही. माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू डिसेंबरात काढायचं ठरलं आहे. नदी जलपर्णीने अशी भरली आहे की पुलावरून बघणाऱ्याला मैदान वाटावं. महापालिकेला मी तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं, पहिलं पत्र मिळाल्याचं.

तू अठ्ठावीस तारखेला तैवानला निघतेस, तीन वर्षांसाठी, हे मला आईकडून कळलं. मी तिला म्हटलं, पोरीला सांग, जाण्याआधी मला एकदा भेटायचं आहे. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी काय पोस्टमन आहे? आठ महिने दोघं माझ्या कानात बोलताय. तुमचं तुम्ही सांगा. आणि फोन करू नका, फोनवर तुम्ही भाषण करता. लिहा."

म्हणून लिहितो आहे. मला तुला भेटायचं आहे, एवढंच मागणं. तू हो म्हणशील की नाही ते मला माहीत नाही. पण नाही म्हणण्याआधी पुढचं वाच.

ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने शहर बंद पडलं, तेव्हा माझ्या सगळ्या सभा रद्द झाल्या. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आणीबाणीतसुद्धा मी कुणाच्या तरी ओसरीत दहा माणसं जमवून बोललो होतो. आता तोंडाला फडकं बांधून घरात बसलो. पहिले दोन दिवस आईशी बोललो. तिसऱ्या दिवशी तिने रेडिओ मोठा केला. मग पुस्तकं काढली, पण अक्षरं धुरकट दिसायला लागली होती, आणि तेव्हा मला तुमच्या कंपनीचा तो छोटा लॅपटॉप आठवला. कपाटात, टॉवेलात गुंडाळलेला.

मागच्या डिसेंबरात तू तो माझ्या हातात ठेवलास, तेव्हा म्हणाली होतीस, "याची विक्री बंद झालीय बाबा, पण तुम्हाला पुरेल. यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं." वहीएवढं ते यंत्र. मी विचारलं, नऊ महिन्यांत बंद? तू म्हणालीस, हो, आता मोठ्या स्क्रीनचं आलंय, आणि उन्हाळ्यात त्याच्याही पुढचं येईल. मी तेव्हा काहीच बोललो नाही. तू खूश झाली असशील, की बाप एकदाचा गप्प बसला. मी गप्प नव्हतो. मी मुद्दा टिपून घेत होतो.

असो. सप्टेंबरात दुकानं नीट उघडल्यावर मी ते घेऊन तपकीर गल्लीत गेलो. तिथे पोपट नावाचे एक गृहस्थ आहेत, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग संगणक. दुकान म्हणजे एक जिना आणि त्याच्याखाली एक माणूस. त्यांनी यंत्र हातात घेतलं, उजेडात फिरवलं, फुटलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "कुणी फेकलं?"

मी म्हणालो, पडलं.

"किती उंचीवरून?"

"टेबलावरून."

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "टेबलावरून पडलेलं असं येत नाही. हे जोराने आलंय. असू दे, तुमचं यंत्र आहे. मी डॉक्टर आहे, पोलीस नाही."

प्रियदर्शनी, हजारोंच्या सभेत मला कुणी खाली बघायला लावलं नव्हतं. त्या जिन्याखाली मी माझ्या चपलांकडे बघत उभा राहिलो.

त्यांनी सांगितलं की याचे भाग आता मिळायचे नाहीत. याच्यानंतर याच कंपनीची तीन मॉडेलं येऊन गेली, त्यातली दोन बंदही झाली. मी लगेच पेटलो. मी म्हणालो, बघा, हाच तो बाजार, माणसाच्या हातात वस्तू स्थिरावायच्या आत तिला म्हातारी ठरवणारा. पोपटराव ऐकत होते आणि स्क्रू काढत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "झालं? आता इकडे बघा."

त्यांच्याकडे दुरुस्तीला आलेली, कुणी टाकून दिलेली बाकीची तिन्ही मॉडेलं होती. त्यांनी चारही उघडून काचेच्या टेबलावर ओळीने मांडली. आधी मला सगळी सारखीच दिसली. मग त्यांनी पेचकसाचं टोक ठेवून एकेक जागा दाखवली. झाकण जिथे बिजागरीवर वळतं, तो कोपरा. पहिल्यात तिथलं प्लास्टिक पातळ आहे. दुसऱ्यात जाड केलंय. तिसऱ्यात जाडी कमी करून आतून एक बारीक फासळी दिली आहे. चौथ्यात ती फासळी तिरपी झाली आहे, दोन स्क्रू गेले आहेत, वजन उतरलं आहे, आणि पोपटरावांनी माझा हात धरून तो कोपरा दाबायला लावला. हलला नाही.

"या कोपऱ्यापायी कोणीतरी दोन वर्षं घासलंय," ते म्हणाले.

अगं, मी वस्तूंची गणती केली होती: एक बाद, दोन बाद, तीन बाद. मला फक्त मढी दिसत होती. एकीची चूक दुसरीने पोटात घेतली आहे, दुसरीचा जाडेपणा तिसरीने सोडला आहे, असं काही त्या ओळीत चाललेलं असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. नऊ महिन्यांचं आयुष्य, आणि त्यातला एकही महिना कुणी रिकामा जाऊ दिलेला नाही. तू घरी यायचीस आणि सांगायचीस, आज झाकण दहा हजार वेळा उघडलं-मिटलं, आज वीस हजार. मी हसायचो. म्हणायचो, इंजिनिअर झालीस की दारवान?

माझं बाजारावरचं भाषण मी एकोणऐंशी साली पहिल्यांदा केलं. तेच अजून करतो. आकडे बदलतो, शेवटची आरोळीसुद्धा तीच. तीस वर्षांत त्यात एक फासळी मी तिरपी केली नाही.

आता पुढचं वाच.

पोपटरावांनी आपल्या यंत्राचं तळाचं झाकण पालथं केलं, आणि ते एकदम थांबले. मग त्यांनी दिवा जवळ ओढला. त्या झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे विकत घेणाऱ्याची नजर कधीच जाणार नाही, तिथे काळ्या पेनाने नावं लिहिली होती. नऊ. आठ इंग्रजीत, एक देवनागरीत. प्रियदर्शनी. खाली तारीख.

"साचा पास झाल्यावर निघणारा पहिला नमुना," पोपटराव म्हणाले. "बनवणारे त्याच्यात सह्या करतात, कधी कधी. मी आजवर दोनदाच बघितलंय. हे तुमच्याकडे कसं आलं?"

मी म्हणालो, मुलीने दिलं.

त्यांनी झाकण दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं.

माझं नाव पोस्टरवर लहान छापलं म्हणून मी एकदा सोलापूरची सभा सोडून परत आलो होतो, तुला माहीत आहे. आणि इथे नऊ माणसं, आपली वस्तू वर्षभरही टिकणार नाही हे पक्कं ठाऊक असलेली, तिच्या अंधाऱ्या पोटात नाव लिहून झाकण लावून टाकतात. मी या माणसांना व्यासपीठावरून काय म्हणालो होतो? अभिमान नसलेले वेठबिगार. मी उभ्या आयुष्यात श्रमाच्या प्रतिष्ठेवर जितका बोललो असेन, त्या सगळ्याहून ते झाकण जास्त बोलत होतं, आणि आवाज न करता.

मला वाटलं होतं, तू मला उरलेला माल दिलास. हे पहिल्यांदाच कबूल करतो.

आता मार्चमधला तो रविवार. त्या दिवशी तू प्रयोगशाळेत होतीस. मी भाषणाच्या शेवटी लॅपटॉप हातात उंच धरला आणि विचारलं, याचं आयुष्य किती? नऊ महिने. मग माणसाने त्याला किती जपायचं? इतकंच. आणि तो व्यासपीठावरून खाली फरशीवर हाणला. टाळ्या वाजतच राहिल्या. घरी आल्यावर तू तो टॉवेलातून काढलास आणि विचारलंस, "पडला की टाकलात, बाबा?" मी म्हणालो, हातातून सुटला, पडला.

सभागृहात टाकला आणि घरात पडला. तीनशे माणसांनी बघितलेलं मी तुझ्यापुढे नाकारलं. सभेचे संयोजक हिंमतराव. त्यांच्या मुलीने तुला दुपारीच फोन केला होता, हे मला नंतर कळलं. म्हणजे तुला माहीत होतं. तरी तू विचारलंस, मला खरं बोलायची संधी दिलीस, आणि मी ती घेतली नाही. तू भांडली नाहीस. पंधरा दिवसांत वाघोलीला खोली घेतलीस. आईला सांगितलंस, ऑफिस जवळ पडतं.

मी तो टाकला, प्रियदर्शनी. आणि रागाच्या भरात नाही. सकाळी आंघोळ झाल्यावर मी तो स्वतः टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला होता. आईने विचारलं, हे कशाला? मी म्हणालो, दाखवायला.

का टाकला, ते कुणालाच सांगितलेलं नाही. तत्त्वासाठी नाही. आदल्या सभेला एकतीस माणसं आली होती. मी मोजली. त्यातली दोन सतरंज्या उचलायला आलेली. मार्चच्या सभेला हिंमतरावांनी धावपळ करून तीनशे जमवली, आणि मला भीती वाटली की हीसुद्धा अर्ध्यातून उठतील. मला टाळी हवी होती. आणि खरं म्हणजे तो लॅपटॉप मला आवडायला लागला होता. मी तीन महिने पहाटे त्यावर वाचायचो, अक्षर बोटाएवढं करून. जे मला आवडतं तेच फोडून दाखवलं की माणसांना ते मोठं वाटेल, हा हिशोब मी केला. तू दिलेलं होतं, याचा हिशोब केला नाही.

माझा विरोध संपलाय असं समजू नकोस. जुनी यंत्रं कुणाच्या वस्तीत जाऊन जळतात, तारेतलं तांबं काढताना कुणाची पोरं धूर गिळतात, हे मी बोलणारच, आणि तुझ्या कंपनीच्या दारातही बोलेन. पण मी दगड मारला तो विकणाऱ्यांना नाही, घडवणाऱ्यांना. नेम चुकला नव्हता. सोपं माणूस बघून मारला.

परवाच्या रविवारी त्याच सभागृहात चाळीस लोक होते. मी त्यांना चार मॉडेलं, नऊ नावं, पडला आणि टाकला, सगळं सांगितलं. ठरलेलं भाषण केलं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. हिंमतराव बसस्टॉपपर्यंत आले. चालता चालता म्हणाले, "नागोराव, तुम्हाला आज पाणी लागलं नाही मधे." एवढंच. एक बाई मात्र थांबल्या होत्या. त्यांचा मुलगा कुठल्याशा कारखान्यात मोबाइलची बटणं तपासतो. त्यांनी विचारलं, तोही आत नाव लिहीत असेल का हो? मी म्हणालो, मुलीला विचारून सांगतो. उत्तर तुला येईल.

माफी मागत नाही. माझ्या माफीला वक्तृत्वाचा वास येईल आणि तुला तो लगेच कळेल. तू तीन वर्षं जाऊ नकोस असंही म्हणणार नाही. जा. तिथे तुझ्या हाताखालून जे निघेल ते सहा महिन्यांत बंद पडो, आणि त्याच्या पुढचं त्याहून शहाणं निघो.

फक्त शनिवारी अठ्ठावीसला तुझी गाडी मुंबईला निघण्याआधी तासभर मला वाघोलीला येऊ दे. आईला दोन शब्दांत कळव, ये किंवा नको. नको म्हणालीस तर येणार नाही, आणि आईपाशी कुरकुरही करणार नाही. ये म्हणालीस, तर तो कोपरा तुला पहिल्यांदा कुठे चुकला आणि फासळी तिरपी करायचं कसं सुचलं, ते मला सांग. समजलं नाही तर पुन्हा सांग. मी मधे बोलणार नाही.

मागच्या रांगेत जागा मागणारा,
तुझा बाप
नागोराव