सखाराम आढावांचं बोट आणि माझी साक्ष

३ जानेवारी १९८८, रविवार
आज चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश हेव्यावर. म्हणाले, रोज देवाचा एक उपकार लिहून काढा, हेवा आपोआप गळून पडतो. मला हेवा नाही. तरी सुरुवात करतोय. कंपनीची डायरी रिकामीच होती.
शेवटी सखाराम आढावांसाठी प्रार्थना. डायबेटिसने पायाचं बोट सडलंय, कल्याणला ॲडमिट आहेत. लागोपाठ तिसरा रविवार. डिसेंबरात मला खोकला झालेला, तेव्हा कोणी विचारलं नाही. तक्रार नाही. फक्त निरीक्षण.

४ जानेवारी
उपकार: मला डायबेटिस नाही.

५ जानेवारी
उपकार: वरीलप्रमाणे.

७ जानेवारी, संध्याकाळ
कंपनी सुटल्यावर आंबिवलीहून सखारामना बघायला गेलो. बोट काढलं. कॉटभोवती चर्चची अर्धी मंडळी जमलेली. स्टुलावर द्राक्षं, चिकू, एक अख्खा केक. डायबेटिसवाल्याला! मला उभं राहायला जागा मिळाली ती संडासच्या दाराशी.
सखाराम म्हणाले, "देवदानभाऊ, देवाचे उपकार. पाय तर वाचला." बायकांनी डोळे पुसले. साधं वाक्य आहे. मीही म्हटलं असतं, पण मला तसा प्रसंग कुठे मिळतो?
उपकार: येताना रिक्षा लगेच मिळाली.

१० जानेवारी, रविवार
तेच वाक्य आज पाळकसाहेबांनी पुलपिटवरून सांगितलं. "पाय तर वाचला." लोकांनी माना हलवल्या.
उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठलं. म्हटलं, मलाही एकदा सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची आहे, देवाने माझ्यासाठी काय केलं त्याची. विषय: हेव्यावर मी जय कसा मिळवला. त्यांनी विचारलं, मिळाला का? म्हटलं, होत आलाय. म्हणाले, मग झाला की सांगा.

१२ जानेवारी
कंपनीच्या स्टोअरमध्ये खालच्या रॅकला वाकलो आणि चक्कर आली. स्पष्ट चक्कर. घरी नंदाला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, डबा तसाच परत आणलाय तुम्ही." ती नुकतीच आढावांकडे भाकऱ्या पोचवून आलेली. तिथे कोणी उपाशी राहत नाही.

१४ जानेवारी
डॉक्टरांकडे गेलो. रक्त, लघवी, कार्डिओग्राम. वाटेत पाळकसाहेबांना सांगून आलो की बातमी कुठे फुटू देऊ नका, फक्त प्रार्थनेत ठेवा. अर्ध्या रस्त्यातून परत जाऊन सांगितलं की अगदीच वाटलं तर नाव घ्यायला हरकत नाही.
मन शांत आहे. देवाच्या इच्छेपुढे आपण कोण?

१७ जानेवारी, रविवार
नाव घेतलं नाही. पाळकसाहेब दिल्या शब्दाला फार पक्के आहेत.

१९ जानेवारी
रिपोर्ट आले. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "कसबे, घोड्यासारखे आहात." मी विचारलं, लॅब भरवशाची आहे ना? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
नंदा तिथेच खुर्चीवर बसून रडली. इतके दिवस ती घाबरलेली, मला माहीत नव्हतं. घरी आल्यावर म्हणाली, चला, आभार मानू. डोळे मिटले. बराच वेळ मिटून बसलो. आत काही हललं नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. ती आमेन म्हणाली, मग मीही म्हणालो.
उपकार:

२२ जानेवारी
सखाराम घरी आले. रविवारी त्यांच्याकडे उपकारस्तुतीची सभा आहे. आणि पाळकसाहेबांचा निरोप: तिथे तुमची साक्ष ठेवू. शेवटी! लगेच लिहायला घेतली. 'हेवा' शब्दाला आवाज खाली आणायचा, 'जय'ला वर न्यायचा. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिली. नंदा म्हणाली, थोडी लहान करा.

२४ जानेवारी, रविवार
लिहायची इच्छा नाही. थोडक्यात लिहितो.
सतरंज्यांवर सगळी मंडळी. माझ्या आधी सखाराम दोन शब्द बोलणार होते. भिंतीला टेकून म्हणाले, "मला पाप कबूल करायचंय. हॉस्पिटलच्या खिडकीतून हे देवदानभाऊ येताना दिसले. दोन्ही पाय धड, हातातली पिशवी झुलवत. मला हेवा वाटला. इतका, की ते भेटून गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून रडलो. देवाने मला क्षमा करावी."
सगळं घर हुंदके देत होतं. माझा विषय. हेव्यातही पहिले तेच.
पाळकसाहेब म्हणाले, देवदानभाऊ, आता सखारामांसाठी तुम्हीच प्रार्थना करा. उभा राहिलो. साक्षीचे कागद खिशात. डोकं कोरं. तोंडातून जेवणाआधीची रोजची प्रार्थना निघाली, "हे प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार मानतो. ज्यांनी ते तयार केलं त्यांना आशीर्वाद दे. आमेन."
लोक डोळे उघडून अन्न कुठे आहे ते बघू लागले. सखारामांच्या मिसेस, बायजाबाई, गडबडून चहा ठेवायला आत पळाल्या.
साक्षीचं नंतर कोणी काढलं नाही. मीही नाही.

८ फेब्रुवारी
बरेच दिवस लिहिलं नाही. चर्चमध्ये आता दुसऱ्या कोणाच्या तरी मोतीबिंदूसाठी प्रार्थना चालू आहे.
सकाळी बायजाबाई आल्या. सखारामना ड्रेसिंगला कल्याणला न्यायचं असतं. सुरुवातीला लोक यायचे, आता कोणी येत नाही. नंदाने माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, कंपनीत स्टॉक-टेकिंग आहे. तिने माझ्या चपला आणून समोर ठेवल्या.
रिक्षाने नेलं. ओपीडीत मोठी लाईन. बाकावर बसलो. सखाराम म्हणाले, "त्या दिवशी माझ्यामुळे तुमची साक्ष राहिली. मला वाईट वाटलं. आता सांगा ना."
कागद नव्हते. समोरच्या भिंतीकडे बघत म्हटलं, "सखारामभाऊ, मला तुमच्या बोटाचा हेवा वाटला. तुमच्याभोवती माणसं होती म्हणून. माझा रिपोर्ट चांगला आला तेव्हा मी खट्टू झालो. नंदा रडली आणि मला काहीच वाटलं नाही. आजही फारसं काही वाटत नाही. हेवा गेलेला नाही. एवढीच साक्ष."
आयुष्यात इतकं सरळ कधी बोललो नव्हतो. थांबलो. वळून पाहिलं, तर सखाराम माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेले. तोंड उघडं. माझ्या शर्टाची बाही लाळेने ओली झालेली.
आतून त्यांचा नंबर पुकारला. मी मागच्या म्हाताऱ्याला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.