खिशावरचा डाग

३ जून
आजपासून कलेचा क्लास. मिक्स्ड मीडिया. म्हणजे कागद, कापड, रंग, हाताला लागेल ते एकावर एक चिकटवायचं. विषय: अनित्यता आणि स्मृती. यावर मी लायब्ररीतलं अर्धं कपाट वाचलंय, तेव्हा बाईंनी शिकवण्यासारखं फारसं उरलेलं नाही. गेलेल्या माणसाची वस्तू कापून वापरा म्हणाल्या. शेवटच्या दिवशी सगळी चित्रं पाण्याच्या टबात सोडायची. एक आजोबा रडायलाच लागले. मी नाही. ह्यांचा पांढरा शर्ट कापणार. खिशावर शाईचा डाग आहे तो.

५ जून
कात्री बोथट.

८ जून
धार लावून आणली. आता जरा जास्तच धारदार. बोट कापायचं.

१० जून, दुपारी
मुलगा म्हणाला, आई, जमत नसेल तर सोड ना. जमत नाही असं कोण म्हणालं? शर्ट ते गेले तेव्हापासून पिशवीत आहे, न धुतलेला. गाठ सोडली की वास उडणार. हा शास्त्राचा मुद्दा आहे, भावनेचा नाही.

१२ जून
मार्ग सापडला. मुलाचा जुना पांढरा शर्ट कापला. खिशावर निळी शाई सांडली. आठवणीतून, पण हुबेहूब. घरी सांगितलं, ह्यांचा कापला. त्यामुळे खरा लपवणं आलं. पिशवीसकट धुण्याच्या टोपलीत तळाला खुपसला. आमच्याकडे तिथे माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

१५ जून
बाईंनी डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, काकू, त्या डागातच सगळं आलं, केवढा धीर लागला असेल. म्हटलं, होते सवय. कलाकाराने सगळंच सांगायचं नसतं.

१७ जून
सुनेने आपणहून मशीन लावलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मुहूर्त आजचाच सापडला. शर्ट दोरीवर, पांढराशुभ्र. म्हणाली, आई, कापला म्हणत होतात तो हाच ना? डाग निघत नव्हता, लिंबू लावून घासला, गेला एकदाचा. म्हटलं, छान केलंस. ती आत गेल्यावर नाक लावून पाहिलं. साबण.
मन अगदी स्थिर आहे. अनित्यतेचं प्रॅक्टिकलही झालं म्हणायचं.

२० जून
समारोप. सगळ्यांनी चित्रं पाण्यात सोडली. माझी पाळी आल्यावर सांगितलं, डिंक वाळलेला नाही. ते रडके आजोबा म्हणाले, बुडवायचंच आहे तर वाळवायचं कशाला? खवचट माणूस. चित्र बगलेत मारून घरी आले.

२१ जून
चित्र पलंगासमोर टांगलं. डाग तरी राहिला.
मुलगा बघून म्हणाला, आई, निळा कसा? बाबांचं पेन काळं होतं. त्याला झापलं. जन्मभर तो खिसा मी घासला की तू? तेवढ्यात सून स्वयंपाकघरातून ओरडली, काळाच होता, माझ्या नखांत अजून आहे बघा.
नखं बघितली.
दोघांनाही काडीचं कळत नाही. उद्या काळी शाई आणायची.