मुखेड लिमिटेडची अर्धी मालकीण

प्लोव्दिव्ह, बल्गेरिया
१२ जून २०२४

ती. अक्काच्या पायी भागवतचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनच केला असता, पण तुझा फोन वाजला की थोरल्या जाऊबाई भाजी निवडायला नेमक्या तुझ्याच दारात येऊन बसतात. म्हणून हे पत्र शिरूर अनंतपाळच्या तुझ्या वाचनालयाच्या पत्त्यावर. तिथे ग्रंथपाल तूच आणि शिपाईही तूच, तेव्हा दुसरं कुणी फोडणार नाही.

आम्ही घर घ्यायचं म्हणतोय, शहराजवळच्या एका खेड्यात. म्हातारी माणसं गेली, पोरं जर्मनीला, अशी कितीतरी घरं इथे पडून आहेत. अंगण, आड, वर द्राक्षाचा मांडव. अडचण एवढीच की आपल्यासारख्या परक्याला इथे भिंती विकत घेता येतात, खालची जमीन नाही. पण इथे कंपनी नोंदवली की ती इथलीच धरतात आणि तिच्या नावावर जमीन होते. बाहेरून आलेले बरेच जण असंच करतात, त्यात लबाडी नाही.

तर कंपनी काढतोय आणि तिच्यात अर्धी भागीदार तू. नाही म्हणू नकोस. दाजी गेल्यापासून तू दिराच्या घरी एका खोलीत राहतेस. मुखेडच्या शेतातला तुझा हिस्सा तू हक्कसोड करून मला दिलास, मी रीतीप्रमाणे इरकल नेसवलं, आणि पुढे शेतही विकलं. तुला माहेरचं दारच राहिलं नाही. आता तुझ्या नावाचं एक घर असावं, जिथून तुला कुणी ऊठ म्हणणार नाही. पासपोर्ट काढ आणि सोबतच्या मुखत्यारपत्रावर नोटरीपुढे सही करून पाठव.

पुनमचा नमस्कार. सृष्टी आत्याच्या धपाट्यांची आठवण काढते. लोभ आहे तेवढा चालू ठेव, जास्त मागत नाही.

तुझा,
भागवत

शिरूर अनंतपाळ
६ जुलै २०२४

चि. भागवत यास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून आधी हसून घेतलं. आपल्या अण्णांना मुखेडच्या बाजारात मेथीच्या दोन जुड्या धड एका भावाने विकता आल्या नाहीत, आणि त्यांची लेक परदेशात कंपनी चालवणार.

पासपोर्टासाठी लातूरला जाऊन आले. सोबत फरीदा होती, आमच्या वाचनालयाशेजारी शिवणकाम करते ती. चौकशीला हवालदार घरी आला तेव्हा जाऊबाईंनीच त्याची चौकशी केली. मग मला म्हणाल्या की ह्या वयात कुठं उंडारून राहिलीस, आन् भावाच्या घरात बी वाटा घेऊन राहिलीस काय. फरीदाला सांगितलं तर ती म्हणाली की त्यांच्यात बहिणीचा हिस्सा ठरलेलाच असतो, तिने भावांकडून घेतला, आणि तेच भाऊ ईदेला शीरखुर्मा खायला तिच्याकडे येतात. तिचं बोलणं मला पटलं, पण रात्री पुन्हा जाऊबाईंचंच आठवलं.

असो. सही केली आहे. अंगणात कोथिंबिरीपुरता वाफा निघेल का ते कळव. मायेत कमी करू नकोस, पुनमला आणि सृष्टीला आशीर्वाद.

तुझी,
अक्का

प्लोव्दिव्ह
९ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास सा. नमस्कार. वि. वि.

कंपनी नोंदवली गेली. नाव दिलंय मुखेड लिमिटेड. कारकूनबाईने ते त्यांच्या लिपीत तीनदा लिहून पाहिलं आणि अर्थ विचारला. मी सांगितलं की गाव आहे, बाकी अर्थ काही नाही.

घरही ठरलं. खरेदीखत दिवाळीनंतरच्या आठवड्यात. पूर्वेकडची खोली तुझी, खिडकीतून शेजारच्यांच्या कोंबड्या दिसतात. शेजारीण म्हातारी आहे. बहीण राहायला येणार म्हटल्यावर तिने मला हाताला धरून आपली चूल दाखवली, तुला विस्तव कसा पेटवायचा ते शिकवणार म्हणे. तिला काय माहीत कुणाला शिकवायला निघाली आहे. वाफा एक नाही, चार निघतील.

कंपनीचं आणि खरेदीचं काम पाहणाऱ्या इथल्या वकीलबाईंचा पत्ता सोबतच्या कागदांवर आहे, तुझ्याजवळ असू दे. प्रकृतीला जप आणि आमच्यावर अशीच रागावत राहा.

तुझा,
भागवत

शिरूर अनंतपाळ
२४ ऑक्टोबर २०२४

चि. भागवत यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

भाऊबीजेला तू इथे नाहीस, म्हणून यंदा ओवाळणी मीच पाठवली आहे.

पुनमचा फोन आला होता. तिच्यावर चिडू नकोस, तिने सहजच विचारलं की अक्का, तुमच्या माघारी तुमचा वाटा कुणाकडे जाईल. मी लातूरच्या पंचाक्षरी वकिलांना विचारलं. ते म्हणाले की मूलबाळ नसलेल्या विधवेचं असं काही असलं तर ते नवऱ्याकडच्या वारसांकडे जातं. म्हणजे माझ्या पुतण्यांकडे. जाऊबाईंना हे आधीच कळलेलं दिसतं, कारण हल्ली त्या माझ्या चहात साखर विचारून घालतात.

तुझ्या कष्टाचं अर्धं घर असं दुसऱ्यांच्या घशात जावं हे मला सोसणार नाही. म्हणून कंपनीतल्या हिश्शाची हक्कसोड करून टाकली. पंचाक्षरी थांबा म्हणत होते, आधी भावाला विचारा म्हणत होते. तुला विचारलं असतं तर तू अडवलं असतंस, म्हणून कागद थेट वकीलबाईंना कुरिअरने पाठवला. बहिणीने हिस्सा घेतला की माहेर तुटतं, हे आपल्या आईचं सांगणं. मुखेडला हसत सही केली, ही त्याहून हसत केली. मी पाहुणी म्हणून येईनच.

सुखात राहा, जीव लावलास तेवढा पुष्कळ आहे.

तुझी,
अक्का

प्लोव्दिव्ह
२१ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास नमस्कार. वि. वि.

घर गेलं.

तुझा कागद खरेदीच्या आधी पोचला. बहीण फुकट हिस्सा सोडते हे वकीलबाईंनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी मला समोर बसवून विचारलं की बहिणीवर जबरदस्ती केलीत का. मी नाही म्हणालो. मुखेडचं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर इतक्या लवकर नाही म्हणता आलं नसतं. मालकी कुणाची हे ठरेपर्यंत त्यांनी खरेदी थांबवली. घरमालकाच्या मुलाला जर्मनीला परतायचं होतं, त्याने दुसऱ्याला देऊन टाकलं. गेल्या रविवारी तिकडून गेलो. नव्या माणसाने द्राक्षाचा मांडव काढला आहे.

पुतण्यांची भीती होती तर एक मृत्युपत्र पुरलं असतं, अक्का. मी रागावलो आहे, लपवत नाही. तू प्रत्येक वेळी देऊन मोकळी होतेस आणि घेणाऱ्याने कुठे तोंड लपवायचं ते सांगत नाहीस. पण चूक माझीही आहे. मी सही मागितली, तुला काय पाहिजे ते विचारलं नाही. पुनम फार रडली. आता तिला घराचं नाव नको आहे.

हक्कसोडीप्रमाणे कंपनी माझ्या एकट्याची झाली. नुसतं नाव उरलंय, ते नव्या वर्षात बंद करावं म्हणतो. राग उतरेपर्यंत सांभाळून घे.

तुझा,
भागवत

शिरूर अनंतपाळ
१२ डिसेंबर २०२४

चि. भागवत यास आशीर्वाद. वि. वि.

रागावलास ते बरं केलंस. गप्प बसला असतास तर मला जड गेलं असतं.

पत्र फरीदाला वाचून दाखवलं. तिने मशीन थांबवलं आणि विचारलं की कुणी घे म्हणालं तर तुला हात पुढं करता येतो का गं. माझ्या ओळखीच्या बायका भावाला सगळं देऊन येतात आणि वर्षभर त्याने नेसवलेल्या साडीचं कौतुक सांगतात. मीही सांगितलं. त्यालाच माया म्हणतात असं मला वाटत होतं.

आता खरं लिहिते. मला ते घर हवं होतं. तू खोलीचं लिहिलंस तेव्हापासून पलंग कुठल्या भिंतीला लावायचा हे मी मनात ठरवत होते. सही करताना मी हसले नव्हते. मुखेडलाही हसले नव्हते. तिथे चार माणसं बघत होती, म्हणून चेहरा तसा ठेवला होता. तुझं घर मी वाचवायला गेले आणि माझ्याच हाताने घालवलं, याचं दुःख मला मरेपर्यंत राहील. पुनमला सांग की तिचा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर चुकलं.

पंचाक्षरींकडे जाऊन मृत्युपत्र केलं. जे काही माझं असेल ते सृष्टीला. ते म्हणाले की बाई, तुमच्या नावावर तर काहीच नाही. मी म्हटलं, होईल.

कंपनी बंद करू नकोस. तिच्यात घर नाही, जमीन नाही, पुढे होईल असंही नाही, हे मला कळतं. तरी तिच्यातला माझा अर्धा हिस्सा मला परत पाहिजे. मी मागते आहे, भागवत. कागद पाठव.

लोभ आहे, तो मी सोडलेला नाही.

तुझी,
अक्का