गल्लीत एकच विटकरी

२४ मार्च, सोमवार

गारा! पाच-दहा मिनिटांचा खेळ, आणि अख्ख्या गल्लीच्या गच्चीवरचे सिमेंटचे पत्रे पापडासारखे फुटले. अठरा रो-हाऊस, अठराही घरांच्या डोक्याला भोकं. कॉलनीचं नाव निसर्गछाया. छाया गेली, निसर्ग तेवढा घरात आला.

संध्याकाळी रामकिसनरावांच्या अंगणात सगळे जमले. ते अध्यक्ष. वैजापूरचे कांद्याचे व्यापारी, आवाज मोंढ्याच्या लिलावात कमावलेला. म्हणाले, ताई, तुम्ही रोज दुकानात लोकांना रंग निवडून देता, आता आमचं बी बघा. खरंय, शहागंजातल्या पत्र्याच्या दुकानात माझं काम तेच आहे — घरमालकांना छपराचा रंग निवडायला मदत करणं. म्हणजे त्यांनी घरून ठरवून आणलेला वाईट रंग त्यांना स्वतःला पटेपर्यंत मान डोलवत बसणं.

पण फुकटचा मान मिळाला की माझी जीभ सुटते. म्हटलं, आता रंगीत पत्रेच घालायचे आहेत तर सगळ्यांनी एकच रंग घ्या. चौकातून बघितलं की गल्ली कशी एका सुरात दिसेल! सगळ्यांना पटलं. पाडव्याला बैठक, तिथं रंग ठरणार.

माझी सूचना सगळ्यांना पटली की मला जरा धास्तीच वाटते.

२६ मार्च, बुधवार

सरोजिनीकाकू आल्या होत्या. त्या सहसा कुणाकडे जात नाहीत. लोक त्यांच्याकडे जातात. कारण मधुसूदन सर. वैजापूरच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. अजूनही ते समोरून आले की गल्लीतली टक्कल पडलेली माणसं शर्टाचं वरचं बटण लावतात.

काकू बसल्या नाहीत. दारातच म्हणाल्या, "आमचा पत्रा विटकरीच राहू दे, मृण्मयी. आणि बाकी कुणाचा विटकरी नको."

मला हसू आलं. विनोद सुचला होता, तो बोलूनही टाकला — काकू, पैठणीवर असा हक्क सांगतात, पत्र्यावर नाही. त्या हसल्या नाहीत. मग बसल्या.

सर विसरायला लागलेत. दिवाळीपासून. आधी नावं, मग वार, मग जेवलो की नाही ते. सकाळचं फिरणं मात्र सुटलेलं नाही. काठी टेकत चौकातल्या देवळापर्यंत एकटे जातात, एकटे येतात. येताना गल्लीच्या तोंडाशी थांबतात. अठरा घरं, सगळ्यांना बिल्डरचा तोच पिवळा रंग, तेच फाटक, तीच तुळस. सर वर बघतात. करड्या पत्र्यांत एकच विटकरी — काकूंनी कधीकाळी हौसेनं रंगवून घेतलेला. तो दिसला की चालायला लागतात.

मी म्हटलं, फिरणं बंद करा, नाहीतर तुम्ही सोबत जा. काकू म्हणाल्या, एकदा गेले होते. रस्ताभर बोलले नाहीत. घरी आल्यावर विचारलं, मला शाळेत पोचवायला आली होतीस का?

"आणि हे कुणाला कळता कामा नये. कळलं की लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलायला लागतील. ते त्यांना समजेल. तेवढं अजून समजतं."

मी शब्द दिला. त्या गेल्यावर आठवलं, एकाच रंगाची अक्कल पाजळली कुणी ते.

२७ मार्च, गुरुवार

नळाला पाणी नाही. टँकरवाला फोन उचलत नाही. सिल्लोडच्या एका गिऱ्हाइकाला नव्या गाडीच्या रंगाचा पत्रा हवा होता. गाडी विकलीत की छप्पर पण विकणार का, असं विचारलं. शेठनी डोळे वटारले.

दिवसभर एकच विचार — आपलीच सूचना आपणच कशी मोडायची? आणि कारण न सांगता!

३० मार्च, रविवार. पाडवा

मोडली!

युक्ती साधी होती. या शहरात कुठलाही रंग नुसता रंग नसतो, हे मला दुकानात रोज दिसतं. गिऱ्हाईक नमुन्याच्या पट्टीवर बोट ठेवण्याआधी शेजारी कोण उभं आहे ते बघतं. म्हणून बैठकीत मी पट्ट्यांचा जुडगा काढला आणि एकेक रंग मोठ्यानं वाचत गेले. प्रत्येक रंगानंतर थांबले. बस्, एवढंच.

निळा म्हटलं — सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हिरवा म्हटलं — सगळे चपलांकडे. भगवा म्हटल्यावर कुणाची नाही म्हणायची हिंमत नव्हती, हो म्हणायची इच्छा नव्हती. पांढरा? कोपऱ्यातला सोमनाथ म्हणाला, धूळ दिसते. हा बँकेतला पोरगा, सगळ्यात नवा मालक, आणि सगळ्यात जास्त मतं त्याचीच. मग तोच म्हणाला, करडा घ्या, करडा कुणाचाच नाही. त्यावर रामकिसनराव, सहा महिन्यांनी एखादा येऊन तो पण आपला म्हणंल.

तासाभरानं ठरलं — ज्यानं त्यानं आपापला रंग घ्यावा, कॉलनीत शांतता राहावी. मी तोंड पाडून बसले होते, हरल्यासारखी. रामकिसनरावांनी मलाच समजावलं, ताई, मनाला लावून घेऊ नका.

काकू शेवटच्या रांगेत होत्या. पदर सारखा करता करता त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. सर त्यांच्या शेजारी ताठ बसलेले. मधेच त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "पहिली घंटा झाली का?" सगळे हसले. सरांचा विनोद! मीही हसले. जरा जास्तच.

५ एप्रिल, शनिवार

ऊन आतापासूनच असं की दुकानात दारातला पत्रा हाताला चिकटतो. काकूंची मागणी सगळ्यात आधी नोंदवली. विटकरी. फिटरला सांगितलंय, ते घर पहिलं करायचं, आणि सर दुपारी झोपतात तेव्हाच. जुना निघाला की त्याच तासात नवा चढला पाहिजे. फिटर म्हणाला, बाई, छपराचं लग्न आहे का, मुहूर्त काढलाय ते?

९ एप्रिल, बुधवार

घोळ. महाघोळ!

रामकिसनराव दुकानात आले. खुर्ची ओढून घेतली, पट्ट्यांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, विटकरी.

मी म्हटलं, विटकरी तापतो. म्हणाले, कांद्याच्या चाळीत जन्म गेला, तापण्याचं काय सांगता. मी म्हटलं, तुमच्या पिवळ्या भिंतीला शोभणार नाही. म्हणाले, सरांच्या पिवळ्या भिंतीला शोभतो, मग माझ्या का नाय? मग खरं कारण बाहेर आलं. सर त्यांचे हेडमास्तर होते. सरांनी विटकरी घेतलाय म्हणजे विचार करूनच घेतला असणार. कॉलनीत सांगायला आवडेल, सरांचा आणि आमचा एकच रंग.

मी सरळ खोटं बोलले, विटकरी संपलाय. त्यांनी माझ्या डोक्यावरून शेठना हाक मारली. शेठ म्हणाले, गोदाम भरलंय.

संध्याकाळी सोमनाथचा मेसेज. दोन माणसं करतात म्हणजे बरोबरच असणार. त्यालाही विटकरी.

हा माझ्याच हुशारीचा प्रताप. एकच रंग असता तर निदान एका घराला सूट मागता आली असती. आता प्रत्येकाला स्वातंत्र्य दिलं, तर सगळे स्वतंत्रपणे सरांच्या मागे रांगेत उभे!

१० एप्रिल, गुरुवार

काकूंना सांगितलं. म्हटलं, रामकिसनरावांना खरं सांगू द्या, एका मिनिटात बदलतील. काकू भाजी निवडत होत्या. निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, रामकिसन अजून त्यांच्या पाया पडतो सणाला. तेव्हा ते आठ दिवस खूष असतात. ते काढून घेऊ नकोस.

आतून सरांनी विचारलं कोण आलंय. काकूंनी सांगितलं, मृण्मयी. सर म्हणाले, "फी भरली का तिनं?"

काकूंनी उत्तर दिलं, भरली. सहज, एकही शब्द न अडखळता.

१५ एप्रिल, मंगळवार

काकूंचा पत्रा चढला. सर झोपेत असतानाच. उठले, गच्चीकडे बघितलं, काही बोलले नाहीत. म्हणजे जमलं.

चौकात जाऊन उभी राहिले. चौथं घर विटकरी, काकूंचं. पलीकडे सांगाडे उघडे.

१९ एप्रिल, शनिवार

आता चौकातून विटकरी तीन दिसतात. पहिलं रामकिसनरावांचं.

तीन दिवस झाले, सकाळी मी गल्लीच्या तोंडाशी दुधाची पिशवी घेऊन उभी राहते. सर येताना दिसले की मी पुढे, ते मागे. दूध इतकं साचलंय की घरात रोज खीर. नवरा विचारतो, कुणाचं डोहाळजेवण आहे?

सर वर बघतात. थांबतात. पुन्हा बघतात. मग माझ्या मागे येतात. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी इथं लिहिणार नाही.

२३ एप्रिल, बुधवार

आज मला गल्लीच्या तोंडाशी थांबता आलं नाही. शेठनी लवकर बोलावलं होतं, मला सकाळीच निघावं लागलं. दुकानात पोचल्यावर काकूंचा फोन — ते आले नाहीत अजून. आवाज अगदी सपाट.

रिक्षा पकडली. डोक्यात जालना रोड, ट्रक, ऊन, त्यांची ती काठी. रिक्षावाल्याला म्हटलं, भाऊ, जल्दी. तो म्हणाला, बाजी, उड के जाऊं क्या?

गल्लीत शिरले तर समोरून साळूबाई येतायत, रामकिसनरावांची आई, आणि त्यांच्यासोबत सर. निवांत चाललेत. साळूबाई मोठमोठ्यानं कढीपत्त्याबद्दल बोलतायत. सरांना काकूंच्या दारात सोडून म्हणाल्या, बाई, तुमच्याकडचा कढीपत्ता लागत व्हता, सर म्हणले चला देतो.

काकूंकडे कढीपत्ता नाही. कधीच नव्हता.

मग मला बाजूला घेऊन साळूबाईंनी सांगितलं. सर सरळ त्यांच्या घरात आले, चपला काढल्या, पंख्याखालच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, सरोज, पाणी. सून तोंडाला पदर लावून हसायला लागली, तिला साळूबाईंनी आत पाठवलं. पाणी दिलं. चहा दिला. सरांनी चहात साखर जास्त झाली म्हणून रागावून घेतलं, तेही ऐकून घेतलं.

"मला काय दिसत नाय व्हय, पोरी? आमच्या मालकाचं शेवटाला असंच झालं व्हतं. ते तर म्हशीला आई म्हणायचे."

मी विचारलं, रामकिसनरावांना सांगणार? म्हणाल्या, सांगितलं बी.

२४ एप्रिल, गुरुवार

रामकिसनराव सकाळीच दारात. 

"ताई, विटकरी तापतो, शोभत नाही, संपलाय — एवढं खोटं बोललात. एक खरं बोलायचं व्हतं."

मी म्हटलं, शब्द दिला होता. ते मान हलवत राहिले. मग विचारलं, नव्या पत्र्यावर दुसरा रंग मारता येतो का? येतो. कोणता उरलाय, कुणीच घेतला नाही असा?

मी पट्टी काढली. निळा सातव्या घराला आहे, करडा अर्ध्या गल्लीला. कुणीच न घेतलेला एकच.

त्यांनी हिरव्या पट्टीकडे बराच वेळ बघितलं. वैजापूरचे पाहुणे, मोंढ्यातली माणसं, येणारी निवडणूक — सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून गेलेलं मला दिसलं. मी आयुष्यभर या माणसाची नक्कल करून लोकांना हसवलंय.

"मारा हिरवा," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर सांगतो, कांद्याची पात हाय."

२८ एप्रिल, सोमवार

रामकिसनरावांचं छप्पर हिरवंगार. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुजबुज झाली. त्यांनी लिहिलं, ज्याला बघवत नाही त्यानं खाली बघून चालावं. कुजबुज थांबली.

सोमनाथनं त्यांच्या सांगण्यावरून करडा मारून घेतला. कारण विचारलं नाही. दोन माणसं करतात म्हणजे बरोबरच असणार!

सकाळी रामकिसनरावांनी सरांना रस्त्यातच वाकून नमस्कार केला. "काय सर, तब्येत?" चौकातल्या कबुतरांनी भरारी घेतली. आवाज तसूभर खाली आला नव्हता. सर ताठ झाले, म्हणाले, बटण लाव.

३० एप्रिल, बुधवार

चौकातून बघितलं. एकच विटकरी.

दुधाची पिशवी बंद. मी गच्चीवर उभी राहून नुसती बघते. सर थांबतात, वर बघतात, चालायला लागतात. हिरव्याच्या पुढून, करड्यांच्या पुढून, बरोबर चौथ्या फाटकाशी. काकू म्हणाल्या, मृण्मयी, तुझ्या दुकानाचा हा सगळ्यात चांगला पत्रा. इतक्या वर्षांत मला माझ्या कामाबद्दल कुणी काही चांगलं बोललेलं आठवत नाही. दुपारी एका गिऱ्हाइकाशी चक्क गोड बोलले. शेठनी विचारलं, बरं नाही का?

४ मे, रविवार

सर आज एकटेच आले. चौकातून सरळ, कुठंही न अडता. फाटक उघडलं, चपला जागेवर काढल्या. काकूंनी दार उघडलं.

सर दोन पावलं मागं सरले. वर पत्र्याकडे बघून खात्री करून घेतली. मग हात जोडून, अगदी अदबीनं म्हणाले, "घर तर आमचंच आहे. आपण कोण?"