खिडकी असलेला वर्ग

३ एप्रिल
शिकताना जास्त मदत लागणाऱ्या सहा मुलांचा वेगळा वर्ग जूनपासून. अभ्यासक्रम मी करायचा. मीटिंगमध्ये सगळे खाली बघत होते, मी एकटाच वर. नेतृत्वगुण लपत नाहीत. हे जमलं की पर्यवेक्षकपद माझंच. केबिन बघून आलो. मोठी खिडकी, फिरती खुर्ची. आठवड्यात उरकतो.

४ एप्रिल
कामाला खेळाच्या सामानाची खोली मिळाली. खिडकी नाही. फुटबॉलांचा वास. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, आधी मुलांना भेटा, निदान नावं तरी बघा. कशाला? उडत्या पाखराची पिसं मोजणारा माणूस मी.

९ एप्रिल
शीर्षक झालं. अधोरेखितही केलं.

१२ एप्रिल
शिपाईमामांनी बाहेरून कडी घातली. बाईंचा हुकूम. मी सारखा चहाला जातो म्हणे. आता तर अजिबात सुचत नाही.

१५ एप्रिल
बाई विचारायला आल्या. स्पष्ट सुनावलं. कोंडलं की डोकं चालत नाही, खिडकी हवी. एवढं काम एकदम अंगावर आलं की हातपाय गळतात, तुकडे करून द्या. मध्येमध्ये उठू द्या. लेखी सूचना डोक्यात शिरत नाहीत, तोंडी सांगा. आणि विज्ञानाच्या सरांशी तुलना बंद. बाई मुकाट्याने लिहून घेत होत्या. घाबरल्या असाव्यात.

१६ एप्रिल
घरी हा पराक्रम सांगितला. ही म्हणाली, आपला धाकटा अभ्यासाला बसवलं की हेच सांगतो, तेव्हा तुम्ही त्याला आळशी म्हणता. विषयांतराची हिची जुनी खोड.

२२ एप्रिल
अभ्यासक्रम मंजूर! मी एक ओळही लिहिली नव्हती. बाईंनी माझं बोलणंच व्यवस्थित मांडून पाठवलं. म्हणाल्या, या मुलांची अडचण इतकी नेमकी कुणीच सांगितली नव्हती. मी विनयाने पर्यवेक्षकपदाचा विषय काढला. तर म्हणाल्या, वर्गाला खिडकी हवी ही तुमचीच अट, आणि खिडकीची मोकळी खोली एकच, ती केबिन. त्यामुळे यंदा पर्यवेक्षक नेमणार नाहीत. वर्ग मी घ्यायचा. वर्षभर. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला.

१५ जून
पहिला दिवस. शेवटी केबिनमध्ये बसलो, पण बाकावर. फिरत्या खुर्चीत आमचा धाकटा. हिने मार्चमध्येच त्याचं नाव घातलं होतं. मी सोडून अख्ख्या शाळेला ठाऊक.
त्याने विचारलं, इथे कुणी आळशी म्हणत नाही ना? मी म्हणालो, नाही. मग त्याने विचारलं, बाबा, तुम्ही रोज येणार का?
हो म्हणालो. त्याचा चेहरा उतरला.