वाकलं की येतो

मंगळवार, दिवेलागण. ओतूर.

आज आईला मी बनवलेला गेम फोनवर खेळायला दिला. गेममध्ये एक बाई उसाच्या कडेला कांदे काढते आणि उसात बिबट्या आहे; त्यानं गाठायच्या आत वाफा संपवला की जिंकली. नियम एकच: ती खाली वाकली की तो पुढं येतो, उभी राहिली की थांबतो. कुठल्याच लेव्हलला मी हा नियम मोडलेला नाही. याचाच मला केवढा अभिमान!

आईनं वाकून कांदे उपटले. बिबट्या पुढं आला. मी ओरडले, "उभी राहा ना!" ती राहिली, तो थांबला. ती पुन्हा वाकली. थोड्या वेळानं तिनं उभं राहायचंच सोडलं. वाफा संपत आला आणि त्यानं झडप घातली.

"अगं, नियम कळला नाय का तुला?"

"कळला की. पर उभ्यानं कांदं निघत्यात व्हय?"

मग म्हणाली, "लई खरा झालाय गेम," आणि फोन ठेवून चुलीकडं गेली.

तेव्हापासून बसलेय. गेममध्ये पिंजरा घालू? राखणीला सोबत कुणी उभं करू? पण आमच्या रानात कुठं आहे कुणी सोबतीला? म्हणजे गेम खोटा पडणार. उभ्यानं कांदं निघत्यात व्हय? इतका सोपा नियम, आणि त्यात जिंकायची वाटच नाही. मीच लिहिला, मलाच दिसलं नाही.

उद्या उसाकडचा वाफा काढायचाय. आई अंगणात वाकून विळ्याला धार लावतेय, आणि मी लिहिता लिहिता सारखी उसाकडं बघतेय.